मुलांसाठी इतिहास आणि चरित्रं लिहायची आहेत, सुरुवात कुठून करू?

खानापूरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवतो. चौथी-पाचवी एकाच खोलीत, मिळून तेवीस मुलं.

गेल्या महिन्यात मुलांना नंदगडला नेलं होतं. संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी त्यांना बसवलं आणि गोष्ट सांगायला लागलो. कित्तूरची इंग्रजांशी लढाई, राणी चन्नम्माची कैद, मग रायण्णानं उभी केलेली फौज, फितुरी, २६ जानेवारी १८३१ ला फाशी. सात मिनिटांत माझी गोष्ट संपली. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, त्याला धरून नेलं तेव्हा त्याची आई कुठं होती?" मला सांगता आलं नाही. परत येताना टेम्पोत मुलं गाणी म्हणत होती आणि माझ्या डोक्यात तोच प्रश्न.

शाळेच्या कपाटात चरित्रांची साठ-सत्तर पुस्तकं आहेत. रायगड, शनिवारवाडा, पुणे, मुंबई. चांगली आहेत, मुलं वाचतातही. पण काकती, कित्तूर, बैलहोंगल ही नावं ज्या मुलांना रोज बसच्या पाटीवर दिसतात, त्यांना ती मराठी पुस्तकात भेटत नाहीत. कन्नडमध्ये या माणसांवर पुष्कळ लिहिलेलं आहे, पण आमची मुलं कन्नड शिकत असली तरी चौथीत सलग पुस्तक वाचण्याइतकी तयार नसतात.

म्हणून मीच लिहावं असं वाटायला लागलंय. किती मोठं लिहायचं, माहिती कुठून घ्यायची, छापणार कोण? आणि मनात आहे ते विचारून टाकतो, यावर घर चालतं का? माझं वय चौतीस आहे. इथं कुणी हे काम वर्षानुवर्षं केलेलं असेल तर सांगा की.

निपाणी_छापखाना

मास्तर, मी लेखक नव्हे, छपाईतला माणूस. माझ्या बाजूचं सांगतो.

डेमी आकारात, म्हणजे कागदाच्या एक-अष्टमांशात, एका फर्म्याची, म्हणजे छापून घडी घातलेल्या एका कागदाची, सोळा पानं होतात. म्हणून मुलांचं पुस्तक बत्तीस, अठ्ठेचाळीस किंवा चौसष्ट पानांचं असतं. चौतीस पानांचं लिहून आणलंत तर त्या दोन पानांपायी खर्च उगीच चढतो. शीर्षकाचं पान, प्रकाशनाच्या तपशिलाचं पान, सगळं धरून बत्तीस. पिना मारलेलं पुस्तक बत्तीस-अठ्ठेचाळीसपर्यंत नीट उघडतं.

मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि प्रूफ स्वतः वाचा. जुन्या फाँटातून बदलून घेतलेल्या मजकुरात 'संगोळ्ळी' मधला 'ळ्ळ' हमखास तुटतो. मुलं नाव पुस्तकातनंच शिकतात, ते चुकलं तर जन्मभर तसंच राहतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. बाकी लिहिण्यातलं जाणकार सांगतील.

वडगावच्या_बाई

मास्तर, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर तेच मनात होतं. बेळगावच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी तेहतीस वर्षं शिकवलं. पहिलं पुस्तक १९९१ साली आलं, आजवर एकोणीस झाली. सगळी मुलांसाठी, सगळी इतिहासातल्या माणसांवर, त्यातली अकरा आपल्या याच भागातली.

पैशाचं आधी सांगते, म्हणजे ते मनातून जाईल. घर पगारावर चाललं. पहिल्या पुस्तकाचे मला एकरकमी सातशे रुपये मिळाले. पुढं काही प्रकाशकांनी छापील किमतीवर दहा टक्के दिले, काहींनी नुसत्या पंचवीस प्रती. नोकरी सोडू नका. आणि नोकरी असणं हे या कामात नुकसान नाही, कारण तुमच्यासमोर रोज तेवीस परीक्षक बसलेले असतात. मी प्रत्येक पुस्तकाचा कच्चा खर्डा वर्गात वाचून दाखवत आले. मुलं पाय हलवायला लागली की त्या ओळीपाशी पेन्सिलीनं टिंब करायची. घरी येऊन बघितलं तर टिंबाच्या जागी बहुतेक वेळा मी उपदेश करत असायची.

करार मात्र वाचून सही करा. मी वाचला नव्हता. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या करारावर मुदत लिहिलेलीच नव्हती. त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि मला वाटत राहिलं की हक्क कायमचा गेला. फार उशिरा एका वकिलांनी सांगितलं, करारात मुदत नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणं ती पाच वर्षं धरतात. ही एक ओळ मला वेळेवर कुणी सांगितली असती तर!

आता त्या दुसऱ्या पुस्तकाचंच सांगते, कारण तुम्हाला जे सांगायचंय ते त्यात आहे.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते इथं. सगळी खटपट हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांची. पाण्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणतात. मी मुलांना तिथं नेलं होतं. ठराव, भाषणं, प्रतिनिधी यातलं मुलांच्या कानांत काही शिरेना. मग मी गायिका गंगूबाई हनगलांचं सांगितलं. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, धारवाडच्या. त्या मंडपात गांधीजींसमोर त्यांनी स्वागतगीत म्हटलं. आणि त्यांनीच पुढं सांगितलंय की त्या वेळी मनात धास्ती वेगळीच होती: आपली जात बघून जेवणानंतर उष्टी पानं काढायला तर लावणार नाहीत ना?

वर्गात चिडीचूप. मागच्या बाकावरचा एक मुलगा, कधी हात वर न करणारा, म्हणाला, "मग, लावली काय बाई?"

त्या 'मग'वर मी पुस्तक लिहिलं. अकरा वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून दिसणारं अधिवेशन. संपादकांना आवडलं, पण ते म्हणाले, गांधीजी तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलतात असं शेवटी घाला, मुलांना बरं वाटेल. मी नाही म्हटलं. तसा शब्द कुठं नोंदलेला मला सापडला नव्हता. पुस्तक छापून आलं तेव्हा शेवटच्या पानावर चार ओळी होत्या, अवतरणचिन्हांत, गांधीजींच्या नावावर. माझ्या नव्हत्या त्या. मला न विचारता घातलेल्या.

दोन वर्षांनी सुळेभावीच्या एका शाळेत बोलावलं होतं. सुळेभावी मुद्दाम सांगते, कुमार गंधर्वांचं जन्मगाव, आणि तेही १९२४ सालचेच. एका मुलीनं माझं पुस्तक पुढं धरलं, शेवटचं पान उघडून, आणि त्या चार ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मग विचारलं, "बाई, खरंच असं म्हणाले काय ते?"

मास्तर, पन्नास मुलांसमोर मला 'नाही' म्हणावं लागलं. त्या मुलीनं पुस्तक मिटलं आणि पाठीमागं धरलं. तिचा चेहरा अजून दिसतो. तिनं मनापासून पाठ केलेली गोष्ट मी तिच्या हातातून काढून घेतली होती, आणि चूक तिची काडीभरही नव्हती.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. मोठा माणूस खोटं वाचेल, दुसरीकडं ताडून बघेल. मूल ताडून बघत नाही, ते पाठ करतं. म्हणून माहीत नसलेला शब्द कुणाच्या तोंडी घालायचा नाही. संवाद हवा असेल तर नोंद शोधायची, आणि नोंद नसेल तर सरळ लिहायचं, "तो काय म्हणाला ते कुणी लिहून ठेवलेलं नाही." मुलांना हे वाक्य आवडतं, खरंच. त्यांना वाटतं आपल्याला शोधायला काहीतरी राहिलंय.

तुमच्या त्या मुलीला आईबद्दलचं उत्तर देता आलं नाही याची खंत करू नका. तिचा प्रश्न पुस्तकात तसाच घ्या.

आणि खऱ्या गोष्टी शोधल्या की मिळतात, कल्पनेनं सुचणार नाहीत अशा. १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले आणि भाटे वकिलांच्या घरी उतरले, मग वनखात्यातल्या हरिपद मित्रांकडे. भाट्यांच्या चिरंजिवांनी आठवण लिहून ठेवलीय: संन्याशानं जेवणानंतर पानसुपारी मागितली, आणि पुढं तंबाखूही, तेव्हा घरची मंडळी चकित झाली. मी हे पुस्तकात घेतलं तर एका परीक्षकांनी लिहिलं, असं मुलांना सांगू नये. मी काढलं नाही. पान खाणारा, हसणारा, व्याकरणावर वाद घालणारा तरुण साधू मुलांना आपल्या गल्लीत आल्यासारखा वाटतो.

चन्नम्मा राणीचंही तसंच. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या वेशीत धारवाडचा कलेक्टर थॅकरे पडला, हे सगळे सांगतात. मुलं अडकतात ती पुढच्या गोष्टीपाशी. एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी राणीच्या ताब्यात होते आणि तिनं त्यांना धक्का न लावता परत सोडलं. माझ्या वर्गात यावर अर्धा तास भांडण झालं होतं, सोडायला हवं होतं की नको. असं भांडण होतं तिथं इतिहास मुलांच्या अंगी लागतो. पुढं डिसेंबरात कित्तूर पडलं आणि राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत गेली, तिथंच १८२९ मध्ये वारली. हे लिहिताना घाई करू नका. कैदेतली ती चार-पाच वर्षं बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकतात.

माहितीसाठी १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, वाचा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकविसावा खंड, इंटरनेटवर आहे. ते इंग्रज सरकारच्या नजरेतून लिहिलंय हे ध्यानात ठेवून वाचा. गावात आलात तर सार्वजनिक वाचनालयात बसा, १८४८ सालचं आहे ते, मी कितीतरी रविवार तिथं काढलेत. आणि कन्नड वाचा. याला पर्याय नाही. मी चाळिशीत वाचायला शिकले, सत्तरच्या दशकात निघालेल्या 'भारत-भारती' मालेच्या छोट्या चरित्रांवर बोट ठेवून, शेजारच्या अक्कांना अडलेला शब्द विचारत.

बेळवडीची गोष्ट लिहायला घेतली तेव्हा ते कामी आलं. १६७८ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराजांच्या फौजेला बेळवडीच्या गढीनं सत्तावीस दिवस झुंजवलं. लढवणारी एक बाई. मराठी साधनांत ती सावित्रीबाई देसाई, कन्नडमध्ये मल्लम्मा. आमच्या मुलांचे महाराज, आणि समोर लढणारी बाईही आमच्याच जिल्ह्यातली. काही जण म्हणाले, या वाटेला जाऊ नका, इथं आधीच सीमेचा प्रश्न नाजूक. मी गेले. तिच्याशी वाईट वागलेल्या आपल्याच सरदाराला, सखुजी गायकवाडाला, महाराजांनी कडक शिक्षा केली, हे मराठी साधनांतलंच. ते वाचताना मुलांची मान खाली जात नाही. बाईही मोठी होते आणि महाराजही.

फार लिहिलं. पण तुम्ही लिहाच.

बैलहोंगल_कट्टा

बाई, नमस्कार. माझी भाषा कन्नड, आजोळ चंदगड, म्हणून मराठी वाचतो. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

बेळवडी आमच्या तालुक्यात. तुम्ही दोन्ही नावं दिलीत हे बघून बरं वाटलं. धारवाडजवळच्या यादवाडला मारुतीच्या देवळापाशी एक कोरीव दगड आहे, मास्तरांनी मुलांना तो दाखवावा. त्यात महाराजांच्या मांडीवर मल्लम्माचं बाळ आहे आणि हातात दुधाची वाटी, असं आमच्याकडं सांगतात. युद्धाची आठवण म्हणून लोकांनी दगडात काय कोरायचं ठरवलं ते बघा.

मास्तर, रायण्णाचं म्हणाल तर कन्नड लावण्या ऐका. तुमच्याकडच्या लावणीसारखी नाही ती, पोवाड्याच्या जवळची. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच अशा लावण्या गोळा करून छापल्या, त्यात रायण्णाचीही आहे. पण आमच्या गावांत अजून म्हणणारे आहेत, त्यांच्याकडनं ऐकण्यात जास्त गोडी. आईबद्दल गाणारे काय सांगतात ते विचारा. मी अर्थ सांगायला येईन, रविवारी मोकळा असतो.

खानापूरचा_मास्तर

बाई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. सुळेभावीच्या मुलीपाशी थांबलो आणि बायकोलाही वाचून दाखवलं.

कट्टावाले, रविवारी नक्की येतो. वर्गातली ती मुलगी आणि तिचे वडील बरोबर आले तर चालेल ना? तिचाच प्रश्न आहे.

काल रात्री सुरुवात लिहिली. धाडस करून टाकतो, बाईंनी बघावी:

"स्वातंत्र्यसूर्य, महापराक्रमी, देशभक्त क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव आज घराघरांत दुमदुमत आहे. ज्या वडाच्या झाडाला इंग्रजांनी त्यांना फाशी दिले, तोच वड आजही नंदगडला त्यांच्या समाधीवर उभा आहे आणि त्यांच्या बलिदानाची साक्ष देत आहे."

वडगावच्या_बाई

मास्तर, टाकलंत हे फार चांगलं केलंत. आता मी वर्गात तपासते तशी तपासते, राग मानू नका.

पहिलं वाक्य सगळं काढा. 'स्वातंत्र्यसूर्य' या शब्दात मुलाला माणूस दिसत नाही, सूर्यच दिसतो. आणि नाव घराघरांत दुमदुमत असतं तर तुमच्या मुलांना ते आधीच माहीत असतं. तुम्ही लिहायला बसलात ते तसं नाही म्हणूनच.

दुसऱ्या वाक्यात चूक आहे, आणि ती फार जण करतात. फाशी झाली ती नंदगडच्या बाहेर, थोड्या अंतरावर, वडाच्या झाडाला. समाधीवरचा वड वेगळा. रायण्णाला पुरलं त्या जागी त्याच्या एका सोबत्यानं, चन्नबसप्पानं, वडाचं रोप लावलं असं लोक सांगतात. तोच वाढून आज एवढा झाला. म्हणजे वड दोन. एकावर त्याला मारलं, दुसरा त्याच्या माणसानं लावला. तुम्ही दोघांचा एकच केलात तर त्या सोबत्याची गोष्टच पुसली जाईल.

मी असती तर तिथूनच सुरू केलं असतं. हे उतरवून घेऊ नका, फक्त चाल बघा:

"तुम्ही ज्या झाडाखाली बसला आहात ते कुणीतरी लावलं. ज्यानं लावलं त्याचा मित्र या जागी पुरलेला होता. साल होतं १८३१. रोप केवढं असेल? तुमच्या गुडघ्याएवढं?"

'असं लोक सांगतात' हे मात्र पुढच्याच ओळीत आलं पाहिजे, शेवटी टीपेत नको. मुलं टीप वाचत नाहीत.

बत्तीस पानांतली शीर्षक वगैरेची चार गेली, चित्रांना दहा ठेवा, उरली अठरा. पानाला शंभर-सव्वाशे शब्द. तेवढ्यात रायण्णा मावतो. चित्रं मुलांकडूनच काढून घ्या, पण त्यांची नावं पुस्तकात छापायची आणि पालकांची लेखी संमती घ्यायची. समाधीवरचा वड कसा काढायचा ते त्यांना विचारा, पारंब्यांसकट.

पहिली सहा पानं झाली की इथंच टाका. कट्टावाल्यांनी कन्नड नावं तपासावीत, छापखान्याच्या भावांनी 'ळ्ळ' बघावा. आणि बैलहोंगलला जाल तेव्हा त्या मुलीच्या हातात वही-पेन्सिल द्या. गाणारे काय सांगतात ते तिनंच लिहून घेऊ दे.